ट्यूबेवांचून चाक

आमच्या थोरल्याचा शाळेचा रस्ता सहा किलोमीटरांचा, आणि त्यांतला निम्मा बाभळींच्या बांधालगत जातो. अशा वाटेवर पंक्चर हा अपघात नसून नित्यक्रमच होय. सहामाही परीक्षेंत गणिताच्या पेपरास तो सायकल ढकलीत अर्धा तास उशिरां पोहोंचला, तेव्हां ट्यूबच काढून टाकण्याचें आम्हीं ठरविलें.

हवेच्या टायराचें पेटंट बेलफास्टच्या डनलॉप नामक पशुवैद्यानें १८८८ सालीं घेतलें. त्यानंतर शंभरावर वर्षें सायकलीच्या टायरांत ट्यूब नांदली. १९९९ सालीं मॅव्हिक, हचिन्सन व मिशलँ ह्या फ्रेंच कंपन्यांनीं डोंगरी सायकलींकरितां ट्यूबलेस चाकें आणिलीं. साध्या काळ्या सायकलीची रिम ह्या कामाची नव्हे, हें पालकांनीं आधींच ध्यानांत घ्यावें. रिम व टायर दोन्ही ट्यूबलेसचीं म्हणून बनविलेलीं हवींत.

कामाचें मर्म टायरांत नाहीं, रिमेंत आहे. तिच्या आंतल्या अंगास प्रत्येक स्पोकाकरितां भोंक असतें. एकही उघडें राहिल्यास हवा त्या वाटेनें निघून जाते. म्हणून रिम स्पिरिटानें पुसून तिजवर खास चिकट फीत ताणून बसवावी लागते. आम्ही चाक धरून बसलों व मुलानें अंगठ्यानें फीत तसूतसू दाबीत नेली. शेवट आरंभावर चार बोटें चढविला, टोंच्यानें भोंक पाडून व्हॉल्व्ह आंवळला. दोन चाकांत सकाळ गेली. ती वायां गेली असें आम्ही मानीत नाहीं.

टायर चढवून कडांस साबणाचें पाणी लाविलें. हातपंपानें कांहीं साधेना, कारण कडा रिमेवर उडी घेऊन बसण्यास हवेचा लोट एकदम यावा लागतो. शेवटीं व्हॉल्व्हच्या आंतला भाग काढून चाक पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरला लाविलें. "साहेब, ट्यूब घरीं विसरलांत?" असें तो विचारतो आहे तोंच फट् फट् असे दोन आवाज झाले आणि कडा बसल्या. टायरावर व रिमेवर लिहिलेल्या दाबांपैकीं जो कमी, त्यापलीकडे मात्र हवा कदापि भरूं नये. टायर उडून इजा होते.

मग हवा सोडून प्रत्येक चाकांत सुमारें १०० मिलिलिटर सीलंट ओतलें. हा रबराच्या चिकाचा पांढरा द्रव असून त्यास अमोनियाचा उग्र दर्प येतो. पुन्हा हवा भरून चाक फिरविलें व दोन्ही कुशींवर आडवें ठेविलें. कांटा रुतला कीं हवा ह्या चिकास भोंकाकडे ढकलते व तो तेथेंच थिजून बूच होतो. दोन-तीन महिन्यांत तो वाळतो, उन्हाळ्यांत त्याहून लवकर; तेव्हां नवा घालावा लागतो.

मार्चांत आम्हीं मागच्या टायरांतून नऊ कांटे मोजून काढिले. प्रत्येकाच्या जागीं एक पांढरा ठिपका उमटला, इतकेंच. तरी मुलाच्या दप्तरांत एक ट्यूब व लहान पंप असतोच; दगडावर टायर फाटल्यास चिकाचें कांहीं चालत नाहीं.