दादाच्या हातची कॉफी

कॉफीवर निबंध लिहावयाचा म्हणजे कोणासहि हंसूं येईल. आमच्या घरीं मात्र दीड वर्ष या शब्दाचा उच्चारहि कोणी करीत नसे. त्याचें कारण माझा वडील बंधु. अभियांत्रिकीचा अभ्यास दुसऱ्या वर्षीं सोडून देऊन त्यानें पुण्याच्या लष्कर भागांतील एका कॉफीच्या दुकानांत नोकरी धरली, तेव्हां बाबा एवढेंच म्हणाले, "कपबशा विसळण्यासाठीं कॉलेजची फी भरली होती काय?" त्या दिवसापासून दोघांचें बोलणें खुंटलें. दादा मित्राच्या खोलीवर राहूं लागला. सणासुदीस तो येई, आईच्या पायां पडे आणि बाबा कचेरींतून परतण्यापूर्वींच निघून जाई.

गेल्या दिवाळीच्या सुटींत बाबांना लष्करांत कांहीं काम निघालें. मी बरोबर होतों. काम आटोपल्यावर मीं भीतभीत म्हटलें, "दादाचें दुकान येथून जवळच आहे." बाबा कांहीं बोलले नाहींत, परंतु त्यांनीं रिक्षासहि हात केला नाहीं. यावरून काय समजावयाचें तें मी समजलों.

बेकरी आणि कॉफी हीं दोन्ही त्या दुकानांत एकत्र आहेत. पावाचें दुकान म्हटलें कीं बाबांच्या डोळ्यांपुढें १९३५ सालापासून चालत आलेलें डेक्कनवरील गुडलक उभें राहतें. कॉलेजांत असतांना बनमस्का आणि चहा यांवर त्यांनीं तेथें कित्येक सकाळी काढल्या. येथें तसा गलबला नव्हता. कांचेचें दार लोटतांच भाजलेल्या बियांचा उग्र, गोडसर वास आला. बाबांनीं भिंतीवरील दरपत्रक वाचलें, चष्मा पुसला आणि पुन्हां वाचलें. एका पेल्यास दोनशें साठ रुपये!

दादानें आम्हांला पाहिलें. त्याच्या हातांतील फडकें क्षणभर थांबलें. "या, बसा," तो म्हणाला. बाबा बसले, पण समोर पाहीनात.

दादानें विजेच्या लहानशा तराजूवर १५ ग्रॅम बिया मोजून घेतल्या, त्या दळल्या आणि शंकूसारख्या भांड्यांत कागदी गाळणी बसवून तींत ती भुकटी घातली. मग बारीक धारेनें थोडेंसें कढत पाणी ओतून तो एकदम थांबला.

"थांबलास कां?" बाबांनीं विचारलें.

दीड वर्षांत बाबांनीं दादाशीं उच्चारलेले ते पहिले शब्द! दादा किंचित् गोंधळला. "भाजलेल्या बियांत वायु कोंडलेला असतो, बाबा. अर्धें मिनिट तो निघून जाऊं द्यावा लागतो; नाहींतर पाणी सगळीकडे सारखें मुरत नाहीं." आणि खरोखरच तव्यावरील भाकरी फुगावी तशी ती भुकटी फुगून वर आली. नंतर त्यानें गोल गोल धार धरून उरलेलें पाणी ओतलें. सगळें मिळून पाव लिटर पाणी आणि तीन मिनिटांचा वेळ. दूध नाहीं, साखर नाहीं.

मीं एक घोट घेतला आणि तोंड वांकडें केलें. "ही तर आंबट आहे!"

"फळाची बी आहे ती," दादा म्हणाला. ही कॉफी चिकमंगळूरची होती. कोणी फळाचा गर धुवून काढून मग बी वाळवितात; हिचें मात्र सबंध फळच उन्हांत वाळविलेलें होतें, म्हणून हिला फळाची चव. परीक्षक कॉफी चाखून गुण देतात आणि शंभरांपैकीं ऐंशी मिळाले तरच तिची या उंची वर्गांत गणना होते. ऐंशी गुण! मला माझ्या गणिताची आठवण झाली. बाबांनाहि झाली असावी, कारण त्यांनीं माझ्याकडे पाहिलें.

मग ते पेल्याकडे पाहत म्हणाले, "चिखलदऱ्यास आम्ही हीं फळें चोखीत असूं."

बाबांचें बालपण परतवाड्यास गेलें हें आम्हां दोघांना ठाऊक होतें. पण वरच्या चिखलदऱ्यास इंग्रजी अमदानीपासून कॉफीचीं झाडें आहेत आणि त्यांखालीं आमचे बाबा हिंडले आहेत, हें कोणास ठाऊक! बाबा बुदन यांनीं येमेनमधून सात बिया आणल्याची दंतकथा दादा रोज गिऱ्हाइकांना सांगत असे. स्वतःच्या वडिलांची गोष्ट मात्र त्यानें ऐकली नव्हती.

"गोड असतात?" त्यानें विचारलें.

"लाल झालीं म्हणजे. गर अगदीं थोडा. बी थुंकून टाकावयाची." बाबा जरा थांबले. "दोनशें साठ रुपयांची बी आम्ही थुंकत होतों म्हणावयाचें!"

दादा हंसला. फडकें हातांत धरून तो कितीतरी वेळ ऐकत उभा होता.

मग त्यानें आम्हांला मागें भट्टीपाशीं नेलें. पीठ, पाणी आणि मीठ, एवढ्यावरच तेथील पाव होतो. आईच्या विरजणाप्रमाणें आंबवण रोज राखावें लागतें. मळलेलें पीठ रात्रभर थंड जागीं ठेवतात आणि पहांटे पांचला भट्टी तापवितात. पाव पुरा भाजला कीं नाहीं हें बुडावर टिचकी मारून ओळखावयाचें. पोकळ आवाज आला पाहिजे. बाजारांत माठ पारखावा तशी बाबांनींहि टिचकी मारली. पाव परत देतांना त्यांची दृष्टि दादाच्या मनगटावरील भाजल्याच्या डागावर गेली.

"औषध लावलेंस?"

"लावलें."

दादा पैसे घेईना. "दुकान मालकाचें आहे, तुझें नव्हे," असें म्हणून बाबांनीं नोटा मोजून ठेवल्या आणि पावती घडी करून खिशांत घातली. दादानें स्वतःच्या पैशांनीं एक पाव कागदांत बांधला. "आईला द्या. निवल्याशिवाय कापूं नका."

दादानें पदवी पुरी करावी हें बाबांचें म्हणणें आजहि कायम आहे. परततांना बसमध्यें तो ऊन पाव मांडीवर धरून ते गप्प बसले होते. स्वारगेट जवळ आल्यावर त्यांनीं एकाएकीं विचारलें, "पांचला भट्टी पेटवावयाची म्हणजे हा उठतो तरी कधीं?"

"चारला," मी म्हणालों.

"आणि जेवतो कोठें?"

तें मलाहि ठाऊक नव्हतें.