बी न धरणारी लिली

इंग्लंडमध्ये आलेला मराठी माणूस पहिली दोन वर्षे कुंडीत मिरची, मेथी आणि कढीलिंब लावून पाहतो. ते सगळे थंडीने गेले की मग तो शेजाऱ्यांच्या बागेत डोकावायला लागतो. आमचेही तसेच झाले. १९८१ साली आम्ही हॅरोत घर घेतले, तेव्हा पुढच्या अंगणात थोडे गवत, एक मरतुकडा गुलाब आणि बाकी सगळी लंडन क्ले. ज्यांनी ही माती खणली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पावसात बुटाला चिकटून हॉलपर्यंत येते आणि उन्हाळ्यात भेगा पडून दगड होते. आमच्या सांगलीकडची काळी जमीनही चिकटते, पण ती निदान ऊस तरी देते!

शेजारी एक इंग्लिश बाई राहायच्या, वयाने माझ्या आईएवढ्या. एका सप्टेंबरात त्यांनी कुंपणावरून वूलवर्थची पिशवी पुढे केली. (ते दुकानही २००९ च्या जानेवारीत कायमचे बंद झाले.) आत मातीचा गोळा, वर अर्धी कापलेली पाती आणि खाली रताळ्याच्या पिल्लांसारखी जाड मुळे. "कुठेही लाव, ही मरत नाही," एवढीच सूचना. ह्यांनी गुलाबाशेजारी खड्डा खणला आणि ती तिथे बसली.

डे-लिली ही खरी लिली नव्हे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. खरी लिली कांद्यापासून येते, हिला कांदा नसतो. शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस, म्हणजे ग्रीक भाषेत 'दिवसाचे सौंदर्य'. सकाळी उमललेले फूल रात्रीपर्यंत मिटते आणि दुसऱ्या दिवशी ओल्या कागदासारखे लोंबत असते. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, हिचा एकच.

१९८६ च्या उन्हाळ्यात सासूबाई सहा महिने राहायला आल्या. ती लांब, वाकलेली पाती पाहून त्यांना आनंद झाला. "अगं, गवती चहा लावलास होय इथे?" असे म्हणत त्यांनी एक पात चुरगाळून नाकाशी धरली, आणि चेहरा पडला. पण जूनच्या शेवटी दांडे वर आले, केशरी फुले उमलू लागली आणि पूजेच्या फुलांचा त्यांचा रोजचा प्रश्न सुटला. फूल परदेशी, वासाचे नाव नाही, देवाला चालेल का, अशी शंका मीच काढली. सासूबाईंनी निकाल दिला, "एका दिवसाचं फूल आहे, म्हणजे देवाला शिळं वाहिलं जायची भीतीच नाही." निर्माल्य गुलाबाच्या मुळाशी जाई. गुलाबही त्यामुळे सुधारला, हे त्यांचे मत. मी वाद घातला नाही.

आता या केशरी जातीची गंमत सांगते. हिचे मूळ घर पूर्व आशियात. चीनमध्ये डे-लिलीच्या वाळवलेल्या कळ्या सूपमध्ये घालतात. (आपल्या भज्यांच्या पिठात त्या उत्तम बसतील असे मला नेहमी वाटते, पण अजून धीर झालेला नाही.) युरोपात ती सोळाव्या शतकातच आली. पण जी जुनी केशरी डे-लिली सगळीकडे दिसते, ती बी धरत नाही. साध्या डे-लिलीच्या पेशीत बावीस गुणसूत्रे असतात, हिच्यात तेहतीस. तीन-तीनच्या या हिशोबात बीज तयार होताना सगळे विस्कटते. म्हणजे वाऱ्याने नाही, पाखरांनी नाही, ही पसरली ती फक्त ठोंब फोडून, या हातातून त्या हातात. युरोपातून अमेरिकेला गेलेल्या लोकांनी ती बरोबर नेली. तिथे जुनी घरे पडून गेली तरी त्यांच्या दारातल्या लिल्या अजून फुलतात. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनचे ए. बी. स्टाउट यांनी पुढे संकर करून नवनवे रंग काढले आणि १९३४ साली या फुलावर पुस्तक लिहिले. आज ऐंशी हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. नर्सरीत गेले की पिवळ्या, जांभळ्या, झालर लावलेल्या लिल्या पाहून डोके गरगरते. मी दोनतीन आणल्याही. पण शेजारच्या बाईंची केशरी ती केशरी.

निगा म्हणाल तर फारशी नाही. अर्धा दिवस तरी ऊन हवे. कोंब जिथून फुटतात तो भाग मातीखाली इंचभरच असावा, फार खोल गेला तर फुले रुसतात. वसंतात कोवळ्या कोंबांवर गोगलगाई येतात. रात्री टॉर्च घेऊन वेचणे हाच माझा उपाय. दुसरा शत्रू एक बारीकशी माशी, जी ब्रिटनमध्ये प्रथम १९८९ साली सापडली. ती कळीत अंडी घालते. जूनमध्ये एखादी कळी आखूड आणि फुगलेली दिसली तर उघडून बघा, आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील. अशा कळ्या खुडून कचऱ्यात टाकाव्यात, कंपोस्टमध्ये नव्हे. उशिरा फुलणाऱ्या जातींना हा त्रास बहुधा होत नाही. १९ जुलै २०२२ ला हीथ्रोवर तापमान ४०.२ अंशांवर गेले, त्या आठवड्यात आमचे गवत करपले, हायड्रेंजिया मान टाकून बसला, आणि या बयेने रोज नवी फुले काढली.

चार-पाच वर्षांनी बेट दाटते, मधून फुले कमी होतात. तेव्हा ते उपटून फोडायचे. दोन गार्डन फोर्क पाठीला पाठ लावून बेटात खुपसायचे आणि एकमेकांपासून दूर ढकलायचे. हे काम ह्यांचे होते. एका ठोंबाची सात बेटे झाली ती ह्यांच्या हाताने. ह्यांना जाऊन आता चार वर्षे झाली.

यंदा मुलाने पुढच्या अंगणाचा विषय काढला. घरात दोन गाड्या, त्यातली एक विजेवरची. चार्जर भिंतीवर हवा, म्हणजे गाडी दारात हवी. आमच्या रस्त्यावर निम्म्याहून जास्त अंगणांवर अशा फरश्या बसल्या आहेत. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. रात्री दहाला नोकरीवरून आलेल्या सुनेने तीन गल्ल्या पलीकडे गाडी लावून चालत यावे, असे मलाही वाटत नाही. फक्त तो म्हणाला, "आई, एक दिवस तर टिकतं ते फूल," तेव्हा मी त्याला बाहेर नेले आणि मधल्या बेटाचे दांडे मोजायला लावले. अठरा निघाले. एकेकावर बारा-पंधरा कळ्या. फूल एक दिवसाचे असेल, झाड चार आठवडे फुलते. गणित त्याचे चांगले आहे, तो गप्प बसला.

मग मीही नियम वाचून काढले. २००८ च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडमध्ये पुढच्या अंगणात पाच चौरस मीटरपेक्षा मोठी, पाणी न मुरणारी आणि पाणी रस्त्यावर सोडणारी फरशी घालायची तर परवानगी लागते. पाणी मुरू दिले तर लागत नाही. तेव्हा सिमेंट नाही, खडी येणार, आणि कुंपणालगत दोन फुटांची पट्टी मातीची राहणार. तिथे दोन बेटे बसतील. मधले त्यातले एक, हे मी ठरवून टाकले आहे.

उरलेली पाच सप्टेंबरमध्ये निघतील. माझे गुडघे आता खणू देत नाहीत, पण नात तयार आहे; दोन फोर्कची युक्ती तिला आजोबांनीच शिकवली होती. प्रत्येक बेटाचे चार-पाच ठोंब धरले तर वीस-पंचवीस घरांना पुरतील. ज्यांना हवेत त्यांनी गणपतीत मंडळात भेटून सांगावे. पाती अर्धी कापून, ओल्या कागदात गुंडाळून देईन. आठवडाभर न लावली तरी काही बिघडत नाही. मात्र ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी मागू नये. डे-लिलीचे पान, फूल, पराग, काहीही पोटात गेले तर मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. अशा मंडळींसाठी आमच्या गुलाबाची फांदी देईन.