लोणारचं तळं आणि माझं खालचं वावर

परवा लोणार सरोवर पाहून आलो. आधी काही जाणकार याला ज्वालामुखीचं तोंड समजायचे, पण हा खड्डा आपल्या काळ्या पाषाणात उल्का आदळून झालेला. काठावर गोमुखाची धार गोड्या पाण्याची, तळ्यातलं पाणी मात्र खारं. सामू 10 च्या आसपास. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. उन्हानं पाणी उडतं, क्षार मागे राहतात.

तिथंच माझं खालचं वावर आठवलं. बोअरचं पाणी देतो, चर एकही नाही. वर पांढरी पापडी, हरभरा पिवळा. मी आपला बियाण्याला दोष देत होतो. आता पेरणीआधी माती-पाणी तपासतो, चर काढतो.

तुमच्या वावरातल्या पाण्याला वाट आहे ना?