सेव्ह केलेलं जातं कुठे?

उबंटूमध्ये ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ ही फाइल उघडायची, नेमसर्व्हरची ओळ बदलायची, सेव्ह करायचं. काम सुरळीत चालतं. मशीन रीस्टार्ट केलं की पुन्हा जुनीच ओळ हजर: १२७.०.०.५३. परवानगी होती, एररही आली नव्हती. माणूस चक्रावून जातो.

बदल सेव्ह झालेलाच असतो.

पण ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये दिसते ती नुसती लिंक. खरी फाइल ‘रन’मध्ये, म्हणजे मेमरीत असते. मशीन बंद होताच ती पुसली जाते आणि सुरू होताना ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ ही सेवा ती नव्याने लिहिते. फाइलच्या माथ्यावर ‘बदल करू नका’ अशी सूचनाही असते. घाईत ती नजरेतून सुटते. बदल करायचा तो ‘रिझॉल्व्हड डॉट कॉन्फ’मध्ये, मग ती सेवा रीस्टार्ट करायची.

विंडोजची तऱ्हा वेगळी. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून, जुन्या प्रोग्रॅमने ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहिलेलं परस्पर ‘व्हर्च्युअलस्टोअर’कडे वळवलं जातं. त्या प्रोग्रॅमला बदल दिसतो, इतरांना नाही.

अशा वेळी पुन्हा पुन्हा सेव्ह करत बसण्यापेक्षा फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ पाहावी. ती मशीन सुरू झाल्याच्या मिनिटाशी जुळली, तर त्या मिनिटाच्या लॉगपासून शोध सुरू करता येतो.