पदराची उलटी बाजू

मैत्रिणींनो, "तुमचे छंद कोणते?" असं तुम्हाला शेवटचं कधी कुणी विचारलं होतं, आठवतंय? मला मागच्या वर्षी विचारलं, आणि माझी बोलतीच बंद झाली.

त्याचं असं झालं. लग्न ठरलं तेव्हा मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. "पुढचं तिकडे जाऊन कर" असं सगळे म्हणाले. ते तिकडे काही झालं नाही. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि घर रिकामं झालं, तेव्हा वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. औरंगपुऱ्यात वह्या घ्यायला गेले, तर दुकानदार विचारतो, "नात कितवीला आहे?" असो!

पहिल्याच रविवारच्या तासाला सरांनी प्रत्येकाला नाव आणि छंद सांगायला लावले. मुलं भराभर सांगत होती. ट्रेकिंग काय, फोटोग्राफी काय! माझी पाळी आली. भरतकाम म्हणावं, तर ते सगळं झबली-टोपऱ्यांपायी झालं. स्वयंपाकाला तर कुणी छंद म्हणतच नाही. शेवटी तोंडून निघून गेलं, "कापडाची उलटी बाजू बघणं." वर्ग हसला. पण खोटं नव्हतं ते. मला भरतकाम शिकवलं मावशीने. रुमाल भरून नेला की ती आधी तो पालथा करायची. मागे गाठी नि लोंबते दोरे दिसले की उसव सगळं! तेव्हापासून हळदीकुंकवाला बसले की माझा हात आपोआप शेजारणीच्या पदराकडे जातो.

सरांनी ते लक्षात ठेवलं. संगणकावरच्या खुल्या ज्ञानकोशातला एखादा लेख कितपत भरवशाचा आहे ते तपासा, असं काम त्यांनी वर्गाला दिलं, आणि मला म्हणाले, "तुम्ही पैठणी घ्या."

आता ज्ञानकोश म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर येतात ते वाचनालयातले मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईला तयार झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. विकिपीडियासारख्या खुल्या कोशाचं तसं नाही. तो मराठीत २००३ पासून आहे, आणि त्यात कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. मी म्हटलं, "मग सर, विश्वास ठेवायचा कुणावर?" ते म्हणाले, "अहो, त्यालाही उलटी बाजू असते. बघा तरी." आणि खरंच होती की! लेखाचा इतिहास उघडला की कोणत्या तारखेला कोणता शब्द बदलला ते ओळीने दिसतं. चर्चेचं पान वेगळं. शेवटी तळटीपा. अशा एका कोशातला पैठणीचा लेख मी चार दुपारी घेऊन बसले.

त्यात एक वाक्य होतं, की दोन हजार वर्षांपूर्वी पैठण्या रोमला जात आणि सोन्याच्या भावाने विकल्या जात. वाचून ऊर भरून आला! आमच्या छत्रपती संभाजीनगरहून पैठण ते काय, पन्नास किलोमीटर. तळटीप बघितली, तर ती एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीवर जात होती. आता दुकानदार आपल्या मालाला वाईट म्हणेल का? मग सरांनी एका जुन्या ग्रीक प्रवासवर्णनाचं भाषांतर दिलं, 'पेरिप्लस' नावाचं, पहिल्या शतकातलं. त्यात पैठण आहे, पण तिथून बैलगाड्यांनी भडोच बंदराला जात ते अकीकासारखे खडे. कापड जाई ते तगर गावाहून, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर. पैठणीचं नावही नाही. पैठण ही सातवाहनांची राजधानी, हे खरंच. पण म्हणून आजची मोराची साडी तेव्हा विणत होते, असं कसं म्हणायचं?

दुसरं वाक्य मात्र अगदी चोख होतं: हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागावर आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सलग जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते, आणि रंग संपतो तिथे धागा शेजारच्या धाग्यात अडकवून मागे वळवायचा. म्हणून तर एका साडीला महिनेच्या महिने लागतात. यंत्रावरच्या नकलेत रंगीत धागे मागून मोकळे जातात, नाहीतर कातरलेले असतात. या वाक्याला तळटीपच नव्हती. मी म्हटलं, माझं नाव घाला खाली, मी येवल्याला मागाशेजारी बसून पाहिलंय! सर म्हणाले, "चालत नाही. आधी कुठेतरी छापून आलेलं हवं." इतक्या वर्षांचं माझं बघणं पुरावा म्हणून चालत नाही, आणि दुकानाची जाहिरात मात्र तोवर कुणी हटवली नव्हती. राग आला मला. चर्चेच्या पानावर दोन्ही गोष्टी लिहून टाकल्या.

त्याच रागात कपाट उघडलं. सासूबाईंची पैठणी काढली, म्हटलं, निदान फोटो तरी लावू. (साडी मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा हं, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.) या साडीपायी काय झालं तेही सांगते. सासूबाई गेल्या २०१२ साली. शेवटचं वर्षभर त्यांचं सगळं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी केलं, जालन्याला. आणि साडी त्यांनी दिली मला. "हिला कापडातलं कळतं," म्हणाल्या. ताई काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून आमचं बोलणं सणावारापुरतं.

पदराला मागून अस्तर होतं. बारीक, एकसारखे टाके. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की पैठणीच्या पदराला अस्तर लागतंच कशाला? कोपरा उसवला. आत दोन मोरांच्या मधे हिरवे-लाल धागे मोकळे लोंबत होते.

"हे" म्हणाले, "शिवून टाक, कुणाला कळतंय!" पण मला राहवेना. दोन दिवसांनी ताईंना फोन लावला नि सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"मला माहीत आहे," ताई म्हणाल्या. "माझ्यासमोरच लावलं त्यांनी अस्तर. मामंजींनी पैठणी म्हणून कौतुकाने आणलेली, त्यांना कोण सांगणार? तुझं लग्न ठरलं तेव्हा तुझ्या मावशीने बोलणीत सांगितलं, आमची मुलगी पदर उलटून बघते हो! त्याच रात्री सुई-दोरा घेऊन बसल्या."

मी म्हटलं, "मग मला इतक्या वर्षांत सांगितलं का नाही?"

"तुला कळतं ना कापडातलं!"

ऐकून घेतलं मी. मग त्या हळूच म्हणाल्या, "मला पैठणी नको होती गं. त्या नेसायच्या ती साडी हवी होती."

रविवारी तास आहे, म्हणून शनिवारीच जालन्याला जाते आहे. साडी पिशवीत घातली आहे. अस्तराचा कोपरा अजून उसवलेलाच आहे. सुई-दोरा ताईंकडे असेलच.