मोटारसायकलीचे जोडदिवे

कार्तिक लागला कीं श्रीगोंदा तालुक्यांत उंसाचें गळीत सुरू होतें, आणि काष्टी-श्रीगोंदा रस्त्यावर उंसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर यांची रात्रंदिवस रीघ लागते. ट्रॉलीबाहेर आलेल्या उंसामागें तांबडा दिवा असलाच तर झांकून जातो. त्याच रस्त्यानें कोणी दौंडास आगगाडींतून उतरून, कोणी कारखान्यांतील पाळी संपवून मोटारसायकलीवर घरीं येत असतो. आणि तो दारांत पोंचेपर्यंत घरच्यांचा डोळा लागत नाहीं.

आमच्या घरींही हीच रीत. म्हणून चिरंजीवांनीं गाडीस जोडदिवे बसविण्याची गोष्ट काढली, तेव्हां आम्हीं ती हौस म्हणून उडवून लावली नाहीं. परंतु बाजारांतला सर्वांत प्रखर दिवा तोच उत्तम, हें त्यांचें मत मात्र आम्हांस मान्य होईना. दिव्याचा गुण तेजावर नव्हे, तें तेज कोठें पडतें यावर ठरतो.

हिशेब साधा आहे. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदास सुमारें १७ मीटर धांवते. संकट दिसून ब्रेक दाबीपर्यंत एक सेकंद गेला आणि पुढें थांबावयास सुमारें २५ मीटर लागले, तर अंधारांतील ट्रॉली निदान ४२ मीटरांवरून दिसावयास हवी. मोकळ्या रस्त्यावर गाडीचा मूळचा वरचा झोत हें काम करतो. अडचण येते ती समोरून वाहन आल्यावर. सज्जनपणानें झोत खालीं करावा, तर नेमकी त्याच क्षणीं डाव्या कडेची बैलगाडी काळोखांत बुडते.

दूरवर भाला फेंकल्यासारखा अरुंद झोत टाकणारे दिवे या प्रसंगीं निरुपयोगी होत. येथें हवा तो रुंद पसरणारा, वरची कड सरळ कापलेला आणि जमिनीलगत राहणारा प्रकाश. असे दोन दिवे पुढच्या लोखंडी गार्डवर, हेडलाइटच्या खालीं बसवावे. एवढें करूनही ट्रॉली वेळेवर दिसत नसेल, तर राहिलेलें अंतर वेग कमी करून भरून काढावें. तें कोणताही दिवा भरून देत नाहीं.

जोडणीकडेही लक्ष हवें. २० वॉटचे दोन एलईडी दिवे १२ व्होल्टांवर साडेतीन अँपिअरांच्या आंत वीज घेतात. परंतु एवढाही भार मूळच्या वायरिंगला पीळ देऊन टांगूं नये. बॅटरीपासून निराळी तार घ्यावी, बॅटरीजवळच ५ अँपिअरचा फ्यूज घालावा आणि मध्यें रिले बसवावा, म्हणजे हँडलावरील बटनांतून अगदीं थोडी वीज वाहते. रिलेची खूण किल्लीनें चालू होणाऱ्या तारेवरून घेतली, तर किल्ली काढतांच दिवे विझतात व सकाळीं बॅटरी मेलेली सांपडत नाहीं.

बसविल्यावर ते रोखणें हें खरें काम. सपाट जागीं भिंतीसमोर ८ मीटरांवर गाडी उभी करून वर माणूस बसवावा. प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीहून खालीं पडली पाहिजे. मागें कोणी बसलें कीं गाडीचें तोंड वर होतें, हेंही ध्यानांत धरावें. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांतही हेंच तत्त्व आहे: ८ मीटरांवर, रस्त्यापासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांस पुढच्या दिव्यानें दिपवूं नये. दूरचा वेध घेणारे स्पॉटलाइट तर अपवादात्मक कारणावांचून व नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीवांचून पुढें लावतांच येत नाहींत.

चिरंजीवांस आम्हीं इतकेंच म्हटलें, "बाबा रे, समोरच्या गाडीवानाचीही घरीं कोणी वाट पाहतच असतें. त्याच्या बैलांचे डोळे दिपले आणि जूं रस्त्याच्या मध्यावर आलें, तर तुझा प्रखर दिवा तुझ्याच काय कामाचा?" त्यांनीं रुंद प्रकाशाचे दोन दिवे आणले. त्यांबरोबर, न सांगतां, प्रकाश परतविणाऱ्या तांबड्या पट्टीचें एक भेंडोळेंही आणलें, आणि शेजाऱ्यांच्या दोन्ही ट्रॉल्यांच्या मागल्या फळीस ती पट्टी स्वतः चिकटवून दिली. या खर्चांतील हा भाग सर्वांत स्वस्त. आमच्या मतें सर्वांत उपयोगाचाही तोच.