मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कमी दिसू लागले की आपण म्हणतो, "वयच झालं आता." म्हातारी माणसेही तसेच म्हणून गप्प बसतात. बायका तर जास्तच. आपल्या डोळ्यांपायी नातवंडांच्या फीला हात लागेल, या धास्तीने त्या कुणाला कळूच देत नाहीत.

माझ्या सासूबाईंनी दोन वर्षे असेच काढले. तांदळातले खडे त्या बोटांनी चाचपून काढायच्या, बसचा नंबर दुसऱ्याला विचारायच्या. रात्री दिव्याभोवती कडे दिसते म्हणायच्या. मग एक दिवस त्यांनी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला. "बघ सूनबाई, नजर परत आली माझी!" आम्हा सर्वांनाच आनंद झाला. पण सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे मोतीबिंदूचेच लक्षण आहे. डोळ्यातले भिंग कडक होऊ लागले की डोळ्याचा नंबर बदलतो. काही दिवस जवळचे बरे दिसते, पुढे तेही धूसर होते.

घरी येताच सल्ले सुरू झाले. कुणी म्हणाले, "पिकू द्या, मग काढा." कुणी बाजारातले थेंब आणून दिले. आत्या म्हणाल्या, "माझं किती राहिलंय? पैसा पोरांना लावा." मी म्हटले, "आत्या, चुलीपाशी पाय घसरून हाड मोडलं तर किती पैसा लागेल?" मग त्या तयार झाल्या.

भगिनींनो, मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही. पिकू देण्याची रीत जुन्या काळची. तेव्हा भिंग काढल्यावर जाड भिंगांचा चष्मा लावावा लागे. डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची सुरुवात १९४९ साली लंडनमध्ये डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी केली. आता लहान छेदातून गढूळ भिंग काढून तिथे नवे बसवतात. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते. फार पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. खर्चाचेही भय नको. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते.

आत्यांची साखर, रक्तदाब आणि डोळ्याचा दाब तपासला. डोळा बधिर करून शस्त्रक्रिया झाली, त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा माझ्या साडीकडे पाहून म्हणाल्या, "ही निळी आहे होय? मला काळीच वाटायची." पिवळट झालेले भिंग निळा रंग अडवते, हे मला तेव्हा कळले.

त्यानंतरची पथ्येही महत्त्वाची. डॉक्टरांनी दिलेले थेंब वेळेवर, हात धुऊनच घालावेत. डोळा चोळू नये, त्यात पाणी जाऊ देऊ नये, चुलीच्या धुरापासून जपावे. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वयाने येणारा मोतीबिंदू पुरता टाळता येत नाही, पण लांबविता येतो. विडी-तंबाखू सोडावी, साखर ताब्यात ठेवावी, उन्हात काम करताना डोळ्यांवर सावली धरावी. डोळा लाल झाला म्हणून औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. त्यात स्टेरॉइड असले तर त्यानेही मोतीबिंदू होतो.

तुमच्या घरातली म्हातारी तक्रार करणार नाही. तांदूळ निवडताना तिचे हात पाहा, आणि तिला दवाखान्यात घेऊन जा.